आधी महिना, मग बेट

जुलैत वडिवळे धरणात पाणी चढू लागतं आणि नाणे मावळातली खाचरं भातलावणीनं गजबजतात, तेव्हा मालवणच्या किनाऱ्यावर होड्या वाळूवर वर ओढून झाकून ठेवलेल्या असतात. दोन्हीमागे कारण एकच, नैर्ऋत्येकडून येणारा मोसमी वारा. हा वारा अरबी समुद्र ढवळून काढतो, त्यातलं बाष्प उचलतो, सह्याद्रीवर चढतो आणि लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पाडतो. त्यामुळे मावळातल्या माणसाला समुद्राचा अंदाज बांधण्यासाठी फार लांब जावं लागत नाही. घाटमाथ्यावर ढग अडकून बसले असतील, तर खाली कोकणातला समुद्र माणसाला आत घेण्याच्या स्थितीत नाही असं खुशाल समजावं.

हे सांगायचं कारण असं की गेल्या काही वर्षांत मावळातून, पुण्यातून, पिंपरी-चिंचवडमधून स्कूबा डायव्हिंगसाठी बाहेर पडणारी कुटुंबं आणि मित्रमंडळी खूप वाढली आहेत. मालवण, तारकर्ली, गोवा, मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट, अंदमान, लक्षद्वीप ही नावं आता सगळ्यांच्या तोंडी आहेत. पण आपली सहल ठरते ती सुट्टीवरून. शाळा कधी बंद, रजा कधी मंजूर, तिकीट कधी स्वस्त हे आधी पाहिलं जातं आणि समुद्राची चौकशी शेवटी, बहुधा हॉटेलचे पैसे भरून झाल्यावर. स्कूबाच्या सहलीत हा क्रम उलटा करावा लागतो. आधी महिना पाहायचा आणि त्या महिन्यात कोणता समुद्र शांत आहे त्यावरून बेट निवडायचं.

पावसाळा पाण्याखाली नेमकं काय करतो? डायव्हिंगची मजा मुख्यतः पाणी किती निवळ आहे यावर ठरते. समोरचं किती मीटरपर्यंत दिसतं, याला डायव्हर मंडळी दृश्यता म्हणतात. तारकर्लीच्या दक्षिणेला देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते, उत्तरेला कालावलची खाडी आहे. पावसाळ्यात या मुखांतून लाल मातीचं पाणी धो धो समुद्रात उतरतं. वरून मोठ्या लाटा उथळ तळाची वाळू उचलत राहतात. त्या काळात पाण्याखाली स्वतःचा हातही धड दिसत नाही. पाऊस ओसरला म्हणून गाळ लगेच बसत नाही, त्याला काही आठवडे लागतात. शिवाय पावसाळ्यात समुद्राला मिळालेल्या पोषक द्रव्यांवर ऊन पडलं की सूक्ष्म वनस्पती-प्लवक भराभर वाढतं आणि पाण्याला हिरवट छटा येते. म्हणजे सप्टेंबरअखेर आकाश निळं दिसलं तरी पाणी निवळलेलं असेलच असं नाही.

सरकारी कॅलेंडरही याच वास्तवावर उभं आहे. राज्यात यंत्रचलित बोटींच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते. प्रवासी आणि जलक्रीडेच्या बोटी मेच्या अखेरीपासून ३१ ऑगस्टपर्यंत बंद ठेवल्या जातात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की कोळी बांधवांचा हंगाम सुरू होतो, पण हौशी डायव्हरचा हंगाम त्यानंतरही दोन महिने लांब असतो. मालवणला ऑक्टोबरच्या मध्यापासून पाणी सुधारू लागतं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात भरवशाचा काळ, आणि मार्चही बहुधा चांगला जातो. चांगल्या दिवशी पाच ते दहा मीटरपर्यंत दिसतं. अंदमानचे फोटो डोळ्यांसमोर ठेवून जाणाऱ्याला हा आकडा लहान वाटेल. पण सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवरचं प्रवाळ, त्यातून हिंडणारे हेकरू, तांबोशी, वाळूत अर्धं अंग पुरून बसलेलं पाकट हे सगळं आपल्या स्वतःच्या किनाऱ्यावर आहे. १९८७ साली २९.१२ चौरस किलोमीटरचा हा भाग मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला तो उगाच नाही. मला तर वाटतं, मराठी माणसानं पहिली बुडी इथेच मारावी. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. तिथे आधी तलावात सराव करून मग समुद्रात उतरता येतं, आणि नवशिक्यासाठी याहून चांगली सुरुवात नाही.

अडचण सुट्ट्यांची आहे. आपल्या मोठ्या सुट्ट्या दोन, दिवाळी आणि मे. अरबी समुद्रातली चक्रीवादळंही नेमकी याच दोन काळांत येतात, पावसाळ्याच्या आधी मे-जूनमध्ये आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. पावसाळ्याच्या ऐन मध्यात वाऱ्यांची रचना अशी असते की वादळाला उभं राहायला वावच मिळत नाही. २०१९ ची दिवाळी आठवून पाहा. लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होतं आणि त्याच सुमारास ‘क्यार’ वादळ अरबी समुद्रात महाचक्रीवादळ झालं. ते किनाऱ्यावर आदळलं नाही, समुद्रातून पश्चिमेकडे निघून गेलं, तरी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला पाऊस आणि उधाणानं झोडपलं. ‘फयान’ नोव्हेंबर २००९ मध्ये आलं, ‘तौक्ते’ मे २०२१ मध्ये. ३ जून २०२० चं ‘निसर्ग’ तर रायगडच्या किनाऱ्यावर चढून मावळातली झाडं आणि पॉलिहाऊस उडवत गेलं, त्याची ओळख इथे कुणाला करून द्यायला नको. म्हणून दिवाळीला जायचंच असेल तर सुट्टीचे शेवटचे दिवस धरावेत आणि बुकिंग बदलता येईल असंच करावं.

मेचं दुखणं वेगळं आहे. आकाश निरभ्र, ऊन कडक, पाणी कोमट, आणि किनाऱ्यावर तोबा गर्दी. समुद्र वरवर शांत दिसतो, पण दुपारी खारे वारे जोरात सुटतात आणि महिनाअखेरीस पावसाळ्याच्या आधीच्या लाटा येऊ लागतात. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. हंगाम बंद व्हायला जेमतेम काही दिवस उरले होते. मेच्या उत्तरार्धात लहान मुलांना घेऊन डायव्हिंगला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. बोटीवर चढल्यापासून उतरेपर्यंत लाइफ जॅकेट अंगात असलं पाहिजे, आणि ते प्रत्येकाच्या मापाचं आहे की नाही हे बोट सुटण्याआधी पाहावं.

वारा नाही, ढग नाही आणि तरीही पाणी खालून हलतं, हा प्रकार एप्रिल-मेमध्ये बऱ्याचदा होतो. त्याचं मूळ हजारो किलोमीटर दक्षिणेला असतं. अंटार्क्टिकाच्या बाजूच्या वादळी पट्ट्यात उठलेल्या लाटा काही दिवसांत भारताच्या किनाऱ्यापर्यंत पोचतात. मे २०२४ च्या पहिल्या आठवड्यात अशाच लाटांचा इशारा हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सागरी माहिती केंद्रानं दिला होता. त्यांच्या अंदाजात लाटेच्या उंचीबरोबर एक आकडा सेकंदांत दिलेला असतो. दोन लाटांच्या माथ्यांमध्ये किती वेळ जातो, तो हा आकडा. बहुतेक जण फक्त उंची पाहतात, पण पाण्याखाली जाणाऱ्याला हा दुसरा आकडा जास्त बोलका आहे. लाटेची हालचाल पाण्यात साधारण तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत पोचते. खोल समुद्रात पाच सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे ४० मीटर असते, चौदा सेकंदांच्या लाटेची ३०० मीटरच्या आसपास. म्हणजे जवळच्या वाऱ्यानं उठलेली लाट वीस मीटर खाली जवळपास विरून जाते. लांबून आलेली संथ लाट मात्र दिसायला जेमतेम मीटरभर उंचीची असली तरी तळापर्यंत पोचते, वाळू उठवते आणि माणसाला प्रवाळावर मागेपुढे ढकलत राहते. नवख्या माणसाचा हात मग आधारासाठी प्रवाळावर जातो आणि वर्षाला काही मिलिमीटर किंवा सेंटिमीटरच्या गतीनं वाढलेली फांदी मोडते. अंदाजात बारा सेकंदांच्या वरचा आकडा दिसला, तर मालवणच्या उथळ जागी त्या दिवशी उतरू नये.

महिना ठरला की पुढचा प्रश्न दिवसाचा, आणि तो सोडवायला भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. १९७३ पासून ते घराघरांत नेणारे जयंत साळगावकर मालवणचेच, हा एक सुंदर योग. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब असा आहे की तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराला. ओहोटी त्यापुढे साधारण सहा तासांनी. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच हिशोब लागतो. प्रत्येक बंदरात थोडाफार फरक पडतो, पण बेत आखण्यापुरता हा अंदाज चांगला आहे.

आता यात दोन गोष्टी मिसळा. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती असते, पाण्याची ओढ जोराची असते. अष्टमीनंतर भांगाची भरती, तेव्हा ओढ कमी. दुसरं म्हणजे भरतीबरोबर बाहेरच्या समुद्राचं निवळ पाणी किनाऱ्याकडे येतं, तर ओहोटीला खाडीचं गढूळ पाणी बाहेर पडतं. भरती पूर्ण झाल्यावर पाणी थोडा वेळ थांबल्यासारखं होतं, आणि बुडी मारायला तीच वेळ उत्तम. अष्टमीला ओढ कमी असली तरी भरती पहाटे सहाला होऊन गेलेली असते, त्यामुळे सकाळभर ओहोटीचंच पाणी मिळतं. एकादशी-द्वादशीला मात्र गणित छान जुळतं. उधाण अजून पुरतं चढलेलं नसतं आणि भरती सकाळी सव्वाआठ ते नऊच्या दरम्यान पूर्ण होते. खारे वारे सुटायच्या आत, कोवळ्या तिरप्या उन्हात तुम्ही पाण्यात उतरून वर आलेले असता. नोव्हेंबर ते मार्चमधल्या एकादश्यांवर खूण करून ठेवा आणि मग तिथल्या बोटवाल्याला फोन करून खात्री करा. त्याचा शब्द शेवटचा धरायचा, कारण आपल्या खडकाजवळचं पाणी कधी फिरतं हे त्याला रोज दिसतं.

अंदमानला जाताना हे सगळं पुन्हा नव्यानं मांडावं लागतं, कारण तो समुद्र वेगळा. वडिवळे धरणातून सुटलेलं पाणी इंद्रायणीला मिळतं, तुळापूरला भीमेत जातं, पुढे कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. घाटमाथ्यापलीकडे काही किलोमीटरवर पडलेला तोच पाऊस उल्हास नदीतून अरबी समुद्रात उतरतो. या दोन समुद्रांचे हंगामही जुळत नाहीत. नैर्ऋत्य मोसमी पाऊस अंदमानात मेच्या तिसऱ्या आठवड्यातच पोचतो, केरळच्याही आधी. तो गेला की ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्येचे वारे आणि उपसागरातली वादळं सुरू होतात. मासेमारीबंदीच्या तारखांतही हा फरक दिसतो. पूर्व किनारा आणि अंदमानात ती १५ एप्रिल ते १४ जून असते.

नाताळच्या सुट्टीत अंदमान हा आपल्याकडचा लोकप्रिय बेत, पण डिसेंबरचा पहिला पंधरवडा तिथे अजून वादळाच्या छायेतला असतो. डिसेंबर २०१६ मध्ये पुढे ‘वरदा’ नाव मिळालेल्या वादळामुळे हॅवलॉक आणि नील बेटांवर, म्हणजे आजच्या स्वराज द्वीप आणि शहीद द्वीपवर, हजाराहून अधिक पर्यटक अडकून पडले. त्यांना आणायला नौदलाची जहाजं गेली. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंतचा काळ मात्र सोन्यासारखा. समुद्र सपाट, पाणी २७ ते ३० अंशांचं, आणि पंधरा-वीस मीटर किंवा त्याहूनही लांबचं दिसतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे परीक्षा असतात, म्हणून गर्दी कमी आणि दर बरे. ज्यांना मुलांच्या शाळेचं बंधन नाही त्यांनी दुसरा कुठलाही महिना धरू नये.

एप्रिलअखेर आणि मेमध्ये अंदमानचं पाणी तापतं, आणि याचा त्रास आपल्यापेक्षा प्रवाळांना होतो. प्रवाळाच्या शरीरात राहणारं सूक्ष्म शैवाल त्याला अन्न आणि रंग देतं. पाण्याचं तापमान नेहमीच्या उन्हाळी कमाल सरासरीपेक्षा अंशभर जरी जास्त राहिलं आणि ते आठवडेच्या आठवडे टिकलं, तर प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं, यालाच विरंजन म्हणतात. त्या अवस्थेत ते मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी वेळेवर निवलं तर सावरतं, नाही तर मरतं. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानात हे फार मोठ्या प्रमाणावर झालं. लक्षद्वीपनं १९९८, २०१० आणि २०१६ असे तीन घाव सोसले, आणि २०२४ मध्ये जगभरच्या चौथ्या विरंजनाच्या लाटेत तिथलं प्रवाळ पुन्हा पांढरं पडलं. अशा उन्हाळ्यात गेलात तर फिनचा फटका, अंगाला चोळलेलं सनस्क्रीन, माशांना टाकलेला पाव, या सगळ्याचा भार आजारी जिवावर पडतो. मालवणला माशांना पाव घालून ते फोटोत गोळा करायची खोड आपल्याच पर्यटकांनी लावली आहे. ती मोडायची जबाबदारीही आपलीच.

लक्षद्वीपचा हंगाम आपल्या किनाऱ्याशी मिळताजुळता, ऑक्टोबर ते मेचा पूर्वार्ध. प्रवेशाचा परवाना लागतो आणि त्याला वेळ जातो, तेव्हा दोन-तीन महिने आधी हात घालावा. ज्यांना जुलै-ऑगस्टशिवाय मोकळीक नाही त्यांनी भारतीय समुद्राचा हट्ट सोडून विषुववृत्ताच्या दक्षिणेला बाली-कोमोडोकडे पाहावं. तिथे एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा ऋतू असतो. मालदीव पावसाळ्यातही चालू असतो आणि तिथली एक गोष्ट विचार करायला लावणारी आहे. बा प्रवाळद्वीपातल्या हनिफारूच्या उपसागरात मे ते नोव्हेंबरमध्ये मांटा रे मोठ्या संख्येनं जमतात, कारण मोसमी वाऱ्यांनी तिथे प्लवक साचतं. पाणी गढूळ म्हणून जेवण भरपूर. तिथे सिलिंडर बांधून उतरायला मनाई आहे, फक्त स्नॉर्केलिंग करता येतं. म्हणजे निवळ पाणी हवं की मोठे प्राणी पाहायचे, हे आधी ठरवायला हवं. दोन्ही एकाच महिन्यात क्वचित मिळतं.

मावळातल्या माणसासाठी एक गोष्ट खास महत्त्वाची आहे, आणि सहलीच्या माहितीपत्रकात ती सहसा नसते. सिलिंडरमधली हवा दाबाखाली श्वासात घेतली की तिच्यातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. वर आल्यावर हा वायू हळूहळू बाहेर पडायला हवा. तो पडण्याआधी माणूस कमी दाबाच्या ठिकाणी गेला, तर सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यावर होतं तसं शरीरात बुडबुडे धरू लागतात. सांधे दुखण्यापासून अर्धांगापर्यंत काहीही होऊ शकतं. म्हणून डायव्हिंगनंतर विमानात बसण्याआधी एकाच बुडीनंतर किमान १२ तास, आणि एकापेक्षा जास्त बुड्या किंवा सलग काही दिवस बुड्या झाल्या असतील तर किमान १८ तास थांबावं, असा सर्वमान्य दंडक आहे. हा दंडक फक्त विमानापुरता नाही. तो सुमारे ६०० मीटर उंचीपासूनच लागू धरतात. आंबोली ६९० मीटरवर आहे, लोणावळा ६२० च्या आसपास. सकाळी नऊला डायव्ह, दुपारी मालवणी जेवण, दोनला गाडी सुरू आणि चारला आंबोलीच्या धबधब्यापाशी चहा, हा नेहमीचा कार्यक्रम शरीराच्या दृष्टीनं विमानात बसण्याच्या जातीचा आहे. उथळ पाण्यातल्या एका छोट्या बुडीनंतर बहुतेकांना काही होत नाही, पण कोर्स करणाऱ्यांनी, म्हणजे दोन-तीन दिवस अठरा मीटरपर्यंत जाऊन येणाऱ्यांनी, हा धोका पत्करू नये.

सोपा उपाय म्हणजे शेवटच्या डायव्हनंतरची रात्र खालीच काढणं. नाही तर कुडाळहून रात्रीच्या कोकण रेल्वेनं पनवेलपर्यंत यावं. ती गाडी सखल किनारपट्टीतून येते आणि बोरघाट चढायची वेळ सकाळी येते, तोवर बरेच तास गेलेले असतात. दम्याचा त्रास, हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं. आणि थंडीत मावळातून निघताना सर्दी झाली असेल तर गोळी घेऊन पाण्यात उतरण्यापेक्षा किनाऱ्यावर बसणं बरं. चोंदलेल्या नाकानं कानातला दाब सारखा करता येत नाही आणि पडदा फाटू शकतो.

उंची आणि दाबाचा हा नियम लक्षात ठेवला तर धरणात डायव्हिंग करू म्हणणाऱ्यांना उत्तरही मिळतं. वडिवळे, पवना किंवा शिरोता जलाशयाच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सात टक्क्यांच्या आसपास कमी असतो, त्यामुळे समुद्रासाठीची डायव्हिंगची कोष्टकं तिथे जशीच्या तशी चालत नाहीत. शिवाय खाली गाळ, बुडालेली झाडं आणि अंधार. तिथे हौसेनं उतरू नये.

आता पुढच्या हंगामाचा बेत आखत असाल तर नोव्हेंबर ते मार्चमधली मालवणची एखादी एकादशी किंवा फेब्रुवारी-मार्चमधलं अंदमान, यांतलं एक निवडा. रजेचा अर्ज भरताना दोन दिवस जास्तीचे मागून घ्या, एक समुद्रानं नाही म्हटलं तर आणि दुसरा घाट चढण्याआधीच्या विश्रांतीसाठी.